पाचव्या पॅनलवरची सोलापुरी चादर

आमच्या गच्चीवर सोलरचे सहा पॅनल आहेत आणि त्यातला पाचवा मी स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत असताना, आजारी पाडला.

हे कबूल करायला मला जड जातंय, कारण मी निवृत्त इंजिनिअर आहे. मिरजेहून बंगळुरात आलो, इथल्या एका सरकारी कारखान्यात लागलो आणि तेहतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. म्हणजे लोकांनी मन लावून केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. (आमच्या मालतीच्या मते मी हे काम घरीही फुकट करत असे.) आयुष्यभर दोष शोधलेल्या माणसाने म्हातारपणी दोष तयार करायला घ्यावा, यापरती नाचक्की नाही!

मालती जाऊन दोन वर्षं झाली. जयनगरचं घर दोघांना बेताचं वाटायचं, ते एकट्याला फार मोठं झालं. मुलगी मेधा व्हाइटफील्डला असते, नवरा आणि माझी नात ओवी यांच्यासह. बाहेरच्या माणसाला वाटतं, एकाच गावात तर आहेत, रोज येणं-जाणं असेल! त्या माणसाने जयनगरहून व्हाइटफील्डला एकदा गाडीने जाऊन दाखवावं. पण खरं सांगतो, नुसता ट्रॅफिक होता तेव्हा बरं होतं. "काय करणार बाबा, ट्रॅफिक!" एवढं म्हटलं की दोघांचंही समाधान व्हायचं. मेट्रो सुरू झाली आणि ते कारण गेलं. आता मेधा न येण्याला 'वेळ नाही' एवढंच कारण उरलं आणि ते ऐकायला वाईट वाटतं.

फोन यायचा दर रविवारी. "जेवलात? गोळी घेतली? बाई येते ना कामाला?" तिन्ही प्रश्नांना 'हो' म्हटलं की फोन संपला. यात मेधाची चूक नाही. आमच्या घरात फोनवर बोलायचं खातं मालतीकडे होतं. मायलेकी तासभर बोलायच्या आणि शेवटी मालती म्हणायची, "थांब, बाबांशी बोल." मग मी फोन कानाला लावून "हं, काय म्हणतेस? बरं आहे ना? घे, आईशी बोल," असं म्हणून परत द्यायचो. मालती गेल्यावर फोन माझ्या हातात आला, पण फोनवर काय बोलायचं असतं ते ती मला सांगून गेली नाही.

संक्रांतीनंतर एका रविवारी मेधाने चौथा प्रश्न विचारला.

"बाबा, आपल्या गच्चीवर ऊन किती येतं?"

"भरपूर. का गं?"

"सोलर बसवू या."

मला विजेची काय गरज? एक पंखा, एक दिवा आणि बातम्या ओरडून सांगणारा टीव्ही. पण पाच मिनिटं झाली तरी फोन चालूच होता, म्हणून मी म्हणालो, "बसवू या की!"

त्यानंतरचे चार आठवडे मी फार सुखात होतो. मेधा दर शनिवारी यायची. वाटेत चिकपेटच्या बाजारात उतरून कधी गंज न चढणारे बोल्ट, कधी क्लॅम्प असं काहीबाही घेऊन यायची. सोलरवाल्यांचा माणूस मंजुनाथ हा भला गृहस्थ होता. चाळिशीचा, हसतमुख, आणि कुठल्याही संकटावर "टेन्शन बेडा, सर," म्हणजे टेन्शन नको, हा एकच उपाय असलेला. त्याने पॅनलचा लोखंडी सांगाडा उभा केला. मी लेव्हल लावून पाहिली आणि म्हणालो, "दोन अंशांनी चुकलाय. काढा."

"सर, दो डिग्री से कुछ नहीं होता."

"कारखान्यात आम्ही अर्ध्यासाठी परत पाठवायचो!"

बिचाऱ्याने सांगाडा काढून पुन्हा बसवला. काम एक शनिवार लांबलं. पुढच्या वेळी मी गंजरोधक रंगाचा दुसरा हात मागितला. अजून एक शनिवार! (दोन अंशांनी खरंच काही होत नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं.)

शेवटी काढायला एकही दोष राहिला नाही. मीटर बसलं, इन्व्हर्टरला हळदकुंकू लागलं, मंजुनाथने नारळ फोडला. मेधाने आपल्या मोबाइलवर मला एक ॲप दाखवलं. त्यात एक हिरवी रेघ सकाळी हळूहळू चढायची, दुपारी माथ्यावर जायची आणि संध्याकाळी उतरायची.

"आता मला ऑफिसात बसून सगळं दिसेल," मेधा म्हणाली. "तुम्हाला काही बघायला नको. काही बिघडलं तर माझा फोन वाजेल."

"आणि नाही बिघडलं तर?"

"मग काय प्रश्नच नाही!"

आणि खरंच प्रश्न उरला नाही. पॅनल इतके चोख चालले की मेधा शनिवारी यायची थांबली. रविवारच्या फोनवर मी मोठ्या उत्साहाने सांगायला जायचो, "अगं, काल काय झकास ऊन होतं..." की ती म्हणायची, "दिसलं मला, बाबा. छान चाललंय. गोळी घेतली?" म्हणजे बोलायला मिळालेला एकुलता एक विषयही त्या हिरव्या रेघेने पळवला. मी सकाळी गच्चीवर जाऊन त्या सहा पॅनलकडे बघत बसायचो. आरशासारखे लखलखीत, आणि एकात तरी काही खोट असेल तर शपथ!

मग चैत्र आला आणि अक्का मदतीला धावून आल्या.

अक्का म्हणजे आमच्या शेजारीण. मराठीच, पण आमच्यासारख्या पोटासाठी आलेल्या नव्हेत. त्यांचं घराणं बंगळुरात कित्येक पिढ्यांपूर्वी घोड्यावर बसून आलं आणि घोडे गेले तरी इथेच राहिलं. सत्तरी ओलांडलीय, पण आवाज असा की चौथ्या ब्लॉकमधला भाजीवाला मागे वळून बघतो. त्यांच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेलं नारळाचं झाड आहे. त्याच्या सावलीमुळे त्यांच्या गच्चीवर धड ऊन येत नाही, म्हणून वाळवणाला त्या कायम आमच्या गच्चीवर यायच्या. दर उन्हाळ्यात त्या आणि मालती मिळून साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या. (अक्का त्यांना संडिगे म्हणतात.) मालतीच्या माघारी दोन उन्हाळे गच्ची रिकामी राहिली होती.

त्या दिवशी दुपारी मी जेवून आडवा झालो होतो. अडीच वाजता फोन वाजला. मंगळवारी! मेधाचा!

"बाबा, गच्चीवर काय झालंय? ग्राफ धाडकन खाली आलाय!"

"काय सांगतेस!"

"आत्ताच्या आत्ता वर जा. फोन ठेवू नका. चालू राहू दे."

मी जिना चढलो. वर बघतो तो काय, पाचव्या पॅनलवर मालतीच्या वेळचं जुनं सुती लुगडं अंथरलेलं आणि त्यावर ओळीने पन्नास-साठ पांढऱ्याशुभ्र पापड्या! शेजारी पातेलं आणि पळी घेऊन अक्का सहाव्या पॅनलकडे सरकत होत्या. मला बघून त्यांनी मनापासून कौतुक केलं.

"हे टेबलं बरी केली बघा अण्णा. उन्हाकडं तोंड करूनच ठेवलीत. वाकायला लागत नाही की काय नाही!"

फोनवर मेधा विचारत होती, "बाबा, काय दिसतंय?"

आता अक्कांचं नाव कसं सांगायचं? मी म्हणालो, "काही नाही गं. पाखरं बसलीत."

"पाखरं? कसली?"

"पांढरी आहेत."

"पांढरी म्हणजे? बगळे?"

"नाही. साधारण... गोल."

"गोल पाखरं? बाबा, चष्मा लावलाय का तुम्ही?"

तिथून चष्म्याचा नंबर निघाला, त्यावरून डोळ्यांचा डॉक्टर, त्यावरून ओवीला फळ्यावरचं नीट दिसत नाही हे निघालं. ओवीचा पुढचा दात पडला हेही मला तेव्हाच कळलं. पडून पंधरा दिवस झाले होते! पस्तीस मिनिटं बोललो आम्ही. मी अक्कांना हातानेच खुणावत होतो, राहू द्या, चालू द्या.

फोन ठेवल्यावर मी त्यांना समजावलं. "अक्का, यावर ऊन पडलं की वीज तयार होते. पापड्या घातल्या की होत नाही."

"वीज खालनं वायरीतनं जाते. संडिगे वर आहेत. मधे कशाची अडचण?"

"उन्हाची."

"अय्यो! ऊन काय तुमचं एकट्याचं आहे की काय?"

मी त्यांना गच्चीची फरशी झाडून दिली. पापड्या संध्याकाळी निघाल्या आणि पुढचं वाळवण खाली फरशीवर गेलं. पाचवा पॅनल पुन्हा लखलखीत झाला, हिरवी रेघ सुतासारखी सरळ आली आणि फोन बंद पडला. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी सकाळी मी कपाट उघडलं. सगळ्यात खाली मालतीने माहेरून आणलेली सोलापुरी चादर होती. जाड, लाल, काठावर मोरांची नक्षी. मी ती काखोटीला मारली आणि चोरासारखा जिना चढलो.

पाचवाच पॅनल का? तिथवर माझा हात पुरतो, दुसरं काही नाही. चादर घातली, चारी बाजूंनी नीट खोचली, वारा येतो म्हणून वरच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावले. (काम करायचं तर नीट करायचं.) एका पॅनलवर सावली पडली की सगळ्या रांगेचा जोर उतरतो. मी पायरीवर बसलो आणि घड्याळ लावलं. अकराव्या मिनिटाला फोन आला.

"बाबा, परत पडलाय! परत पाखरं?"

"नाहीत गं. व्होल्टेजचं काहीतरी असावं."

व्होल्टेजवर दहा मिनिटं, आणि मग ती म्हणाली, "बरं झालं फोन केला. आईच्या चिंचगुळाच्या आमटीत शेवटी काय घालायची ती?" मला ठाऊक होतं! गोडा मसाला उतरवताना घालायची, आधी नाही. मी ते इतकं खुलवून सांगितलं की तिला मीटिंगला उशीर झाला. फोन संपल्यावर मी चादर काढून टाकीच्या कडेला टाकली आणि दिवसभर शीळ घालत हिंडलो.

पुढे वार ठरले, मंगळवार आणि शुक्रवार. क्वालिटी कंट्रोलची सवय, त्यामुळे वहीत नोंदीही ठेवल्या. नुसती चादर घातली की वीस मिनिटांचा फोन. चादरीवर टॉवेल टाकला की व्हिडिओ कॉल. एकदा अधाशीपणाने घोंगडीही घातली, तर जावईबापूंचा फोन आला, तो प्रयोग पुन्हा केला नाही.

मला लाज वाटत होती का? वाटत होती. पण मंगळवारी सकाळी उठताना आज कुणीतरी आपल्याशी बोलणार आहे, हे माहीत असायचं. दोन वर्षांत हे पहिल्यांदा होत होतं आणि त्यासाठी मी लाज गिळायला तयार होतो.

घोटाळा असा झाला की मला वाटलं होतं, आजार वाढला की मेधा भेटायला येईल. तिने डॉक्टर पाठवला.

मंजुनाथ आला तेव्हा मी लगबगीने चादर काढून टाकीवर वाळत घातली. त्याने मीटर लावून सहाही पॅनल तपासले. "सर, एल्ला सरी इदे! सब फर्स्ट क्लास!" तो गेला. दुसऱ्या मंगळवारी ग्राफ पडला. तो पुन्हा आला, पुन्हा सगळं फर्स्ट क्लास. तिसऱ्यांदा तो वायरी बदलून गेला. चौथ्यांदा इन्व्हर्टर खोलून बसला आणि त्याच्या तोंडचं 'टेन्शन बेडा' गेलं. बिचारा घामाघूम होऊन म्हणाला, "सर, पंधरा साल में ऐसा केस नहीं देखा. मैं आता है तो अच्छा, मैं जाता है तो खराब." मी त्याला पन्हं दिलं. आणखी काय करणार?

त्या दिवशी मेधाने फोनवर अगदी काकुळतीला येऊन विचारलं, "बाबा, मंजुनाथला काही सापडत नाहीये. मी चुकीचे लोक निवडले का हो? तुम्ही इंजिनिअर आहात. तुम्हाला काय वाटतं?"

इतक्या वर्षांत मेधाने पहिल्यांदा मला इंजिनिअर म्हणून काही विचारलं होतं. मी छाती फुगवली आणि तोंडाला येईल ते बोललो.

"झाडाची सावली असावी. अक्कांच्या नारळाची."

"हां! बरोबर! मग झाड तोडायलाच हवं."

"तोडायला म्हणजे... अगं, मेधा..."

"मी शनिवारी येते. अक्कांशी मीच बोलते. त्या मला नाही म्हणणार नाहीत."

ती शनिवारी येणार, एवढंच मला ऐकू आलं. बाकीचं वाक्य पोचायला रात्र झाली आणि मग झोप लागेना.

शनिवारी सकाळी आमच्या गच्चीवर सभा भरली. मेधा, मंजुनाथ, मी आणि पातेलं न घेता आलेल्या अक्का. मंजुनाथने माडावर चढणारा माणूस आणला होता. तो कमरेला दोर आणि कोयता बांधून सरसर वर गेला आणि शेंड्याशी जाऊन हुकमाची वाट बघत बसला. मेधाने अक्कांचा हात हातात घेतला.

"अक्का, मला माहितीय हे झाड तुमच्या सासऱ्यांनी लावलंय. पण बाबांच्या पॅनलवर सावली पडते. महिना झाला, त्यांना नुसता मनस्ताप आहे."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी टाकीकडे बघितलं.

"स्वल्प थांब बाळ," अक्का म्हणाल्या. "ग्राफ का काय ते, कधी पडतं?"

"सकाळी. दहा-सव्वादहाला."

"सकाळचं ऊन कुठनं येतं?"

मेधाने पूर्वेकडे बोट दाखवलं.

"आणि झाड कुठं आहे?"

मेधाचं बोट हळूहळू पश्चिमेकडे वळलं आणि तिथेच थांबलं.

"सावली सकाळी माझ्या मागीलदारी पडते, न्हाणीवर," अक्का म्हणाल्या. "झाड कापायच्या आधी अण्णांची चादर कापा."

"कसली चादर?"

"ती काय, टाकीवर. महिना झाला, न धुताच वाळत घालतायत! मंगळवार, शुक्रवार दहाला त्या टेबलावर घालतात, पोराला पांघरूण घालावं तसं. तिथं पायरीवर बसतात. तुझा फोन आला की बोलतात, हसतात. फोन झाला की काढतात. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतनं सगळं दिसतं. मी म्हटलं, बोलू देत. पण आता माझं झाड जातंय, म्हणून सांगितलं."

मंजुनाथ आधी चादरीकडे, मग माझ्याकडे बघत होता. चार खेपा, नवीन वायरी, खोललेला इन्व्हर्टर, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं. तेवढ्यात झाडाच्या शेंड्यावरून आवाज आला.

"सार! कट माड्ला?"

"बेडप्पा! इळी खाली!" अक्का ओरडल्या. "गेलाच आहेस तर पाच शहाळी काढून ये!"

मेधा मात्र माझ्याकडेच बघत होती. रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसू आवरत होते. मालतीचंही असंच व्हायचं.

"बाबा, नुसता फोन करायचा ना."

"तू कामात असतेस."

"आणि चादर घातली की मी कामात नसते?"

"तसं नाही," मी म्हणालो. "पॅनलचं काही असलं की बोलायला विषय असतो. नाहीतर मी फोन करून बोलू काय? मला काही होतच नाही दिवसभर."

हे असं तोंडातून निघून जाईल याची मला कल्पना नव्हती. मेधा माझ्याशेजारी पायरीवर बसली. शहाळी आली, ती आम्ही पाचही जणांनी उन्हात बसून प्यायली. मी मंजुनाथची हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला, "टेन्शन बेडा, सर," आणि त्याचा तो शब्द परत आलेला बघून मला बरं वाटलं. निघताना मेधाने माझ्याकडून शब्द घेतला की यापुढे पॅनलवर काहीही ठेवणार नाही. आणि रोज सकाळी साडेनऊला मीच तिला फोन करायचा, विषय असो नसो.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला.

"मेधा, मी बोलतोय."

"हं बाबा! बोला!"

"काही नाही."

"बरं."

"पॅनल चाललेत."

"दिसतंय."

असे आम्ही आठ दिवस बोललो. मग तिच्या ऑफिसात काहीतरी मोठं काम निघालं आणि साडेनऊची वेळ गैरसोयीची झाली. तिने 'संध्याकाळी करते' असं सांगितलं. दोन-तीन वेळा केलाही. नंतर फोन परत रविवारवर आला. मी कुरकुर केली नाही. ती दोन ठिकाणी पुरी पडू शकत नाही, हे मला कळतं.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला. खरोखरीचा! मी गच्चीवर धावलो. पॅनल स्वच्छ, आकाश स्वच्छ, आणि वीज मात्र शून्य. मी ताबडतोब मेधाला फोन केला.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "चादर काढा."

"अगं, चादर कपाटात आहे! खरंच बंद पडलंय!"

"मग टॉवेल काढा."

मंजुनाथला फोन लावला. तो हसत सुटला. "सर, बेडशीट तेगीरी!" मी पॅनलचा फोटो काढून मेधाला पाठवला. तिचं उत्तर आलं, 'जुना फोटो आहे.' शेजारच्या खिडकीतून अक्कांनी विचारलं, "आज कुठली घातली अण्णा? दिसली नाही." तेहतीस वर्षं माझ्या एका सहीवर मालाचे ट्रक सुटायचे आणि आज माझ्या गच्चीवरच्या खऱ्या बिघाडावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं!

दुपारी बारा वाजता फाटक वाजलं. बघतो तर मेधा! अर्धा दिवस रजा टाकून, मला रंगेहाथ पकडायला मेट्रोने आली होती. घरात न शिरता तरातरा गच्चीवर गेली, सहाही पॅनलभोवती फिरली, टाकीमागे डोकावली, पिशव्या उचकल्या. मग वाकून पाचव्या पॅनलखाली बघितलं आणि म्हणाली, "अय्या! बाबा, खरंच की!"

खारीने वायर कुरतडली होती. अगदी व्यवस्थित, दातांच्या बारीक खुणांसकट.

मंजुनाथ पाच वाजता येतो म्हणाला. तोवर मेधा थांबली. मी पिठलं-भात केला, तिने दोनदा मागून घेतला. मग "पाच मिनिटं पडते" म्हणून दिवाणावर मालतीच्या जागी आडवी झाली आणि चांगली दीड तास झोपली. मी समोर खुर्चीत बसून राहिलो. त्याला विषय लागत नव्हता. बाईने आत भांडं आपटलं तेव्हा मी तिच्यावर इतका डाफरलो की ती काम टाकून निघून गेली. पाच वाजता मंजुनाथ आला आणि दहा मिनिटांत वायर जोडून मोकळा झाला. एरवी चार खेपा घालणारा माणूस! मेधा सहाच्या मेट्रोने गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी गच्चीवर गेलो. पाचवा पॅनल ठणठणीत होता. हिरवी रेघ वर चढत असणार. मी थोडा वेळ पायरीवर बसलो आणि मग खिशातून मूठभर शेंगदाणे काढले.

पॅनलवर काहीही ठेवणार नाही, असा मी मेधाला शब्द दिलाय आणि तो मी काटेकोर पाळला. शेंगदाणे पॅनलच्या खाली ठेवले.